आंधळ्या पंडिताची मेजवानी

यहुदी धर्मात मुलाला तेरावे वर्ष पुरे झाले की तो ‘बार मित्स्वा’ होतो. बार मित्स्वा म्हणजे आज्ञेचा पुत्र. धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी ज्याच्या अंगावर आली तो. सिनॅगॉगमध्ये त्याला तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीपुढे बोलावतात, तो सर्वांसमक्ष त्यातला भाग वाचतो आणि मग आपल्या मुंजीसारखीच जेवणावळ उठते. मुलींची जबाबदारी बाराव्या वर्षीच सुरू होते, पण त्यांचे जाहीर सोहळे मात्र अलीकडचे. न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली झालेला ज्युडिथ कॅप्लान हिचा सोहळा अमेरिकेतला पहिला मानतात.

आता एखाद्या मुलाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, किंवा वयाबरोबर त्याची समज वाढली नसेल, तर? त्याने गुंडाळीपुढे यावे की मागच्या बाकावर बसून राहावे?

हा प्रश्न आजचा नव्हे. इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या स्मृतिग्रंथात बहिरा-मुका, वेडा आणि अज्ञान बालक हे तिघे वारंवार एकाच पंक्तीला बसवलेले दिसतात. तिघांनाही धर्मकर्तव्यातून सूट. शास्त्रकार निर्दय होते असे नव्हे. ज्याच्या मनातले जाणून घेण्याचे साधनच नाही, त्याच्याकडे जाब कसा मागावा, हा त्यांचा विचार. आपणही या बाबतीत मिशीला पीळ भरावा असे काही नाही. मनुस्मृतीने तर जन्मांध, बहिरे आणि मुके यांना वडिलार्जित मालमत्तेतला वाटाच नाकारला आहे.

परंतु मिश्नावर पुढे जी चर्चा झाली, त्या तालमुदातच या सुटीविषयीची शंका नोंदलेली आहे. यहुदा हनासी या थोर आचार्यांच्या शेजारी दोघे मुके राहत. आचार्य पाठशाळेत गेले की तेही मागोमाग जाऊन बसत, माना डोलवीत, ओठ हलवीत. आचार्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांना वाचा फुटली, आणि पाहतात तो काय! सारे धर्मशास्त्र दोघांना मुखोद्गत! कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. विद्या त्यांच्या ठायी आधीपासून होती. लोकांना तिचा पत्ता नव्हता, इतकेच.

दुसरी कथा मला याहून मोलाची वाटते. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी बाबिलोनियात रव योसेफ नावाचे मोठे पंडित होते. त्यांची दृष्टी गेलेली होती. अंधाला धर्माज्ञा बंधनकारक नाहीत, असे एका जुन्या आचार्याचे मत होते. रव योसेफांना आधी ते फार आवडे. बंधन नसताना आपण सारे पाळतो, म्हणजे आपले पुण्य अधिक! हेच मत खरे, असे कोणी सांगितले तर पंडितांना जेवण घालीन, असे ते म्हणत. पुढे त्यांच्या कानी आले की स्वखुशीने पाळणाऱ्यापेक्षा आज्ञा झाली म्हणून पाळणारा श्रेष्ठ. तेव्हा म्हातारा उलटला. ‘अंधालाही आज्ञा लागू आहे असे मला कोणी सांगा, म्हणजे मी मेजवानी देतो,’ अशा अर्थाचे ते बोलले. त्यांना सूट नको होती, वाटा हवा होता.

आता गंमत पाहा. बार मित्स्वाच्या जेवणावळीला शास्त्राधार काय, हा प्रश्न सोळाव्या शतकात पोलंडमधील शलोमो लुरिया या धर्मशास्त्र्यापुढे आला. त्यांनी बोट ठेवले ते याच कथेवर. आज्ञा लागू झाल्याची नुसती बातमी कळली तर रव योसेफ मेजवानी देणार होते. मग ज्या दिवशी मुलाला ती प्रत्यक्ष लागू होते, त्या दिवशी मेजवानी का नसावी? म्हणजे धडधाकट मुलांच्या या आनंदाचा आधार एका आंधळ्याचे बोल आहेत. आणि पुढे आंधळ्याच मुलाने त्या पंगतीत बसावे की नाही, याचा खल व्हावा!

खल झाला खरा. तोरा पाठ म्हणायची नाही, गुंडाळीत पाहूनच वाचायची, असा नियम. त्यामुळे १५६५ साली छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या ग्रंथात योसेफ कारो यांनी अंधाला वाचनासाठी बोलावण्यास मनाई केली. क्राकोचे मोशे इस्सर्लेस यांनी त्यावर टीप जोडून एका जुन्या जर्मन आचार्याचे मत नोंदवले. हल्ली सर्वांच्या वतीने नेमलेला वाचकच वाचतो, निरक्षरालाही आपण बोलावतो. मग अंधाला का नको? नियम मोडला नाही, दार मात्र उघडले.

बहिऱ्यांच्या बाबतीत वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्यांच्या शाळा निघाल्या, मुले लिहू-वाचू लागली, आणि मिश्नातला बहिरा-मुका तो हाच का, असा विचार धर्मगुरूंना करावा लागला. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये अंध यहुद्यांसाठी ब्रेल संस्था निघाली. उजवीकडून डावीकडे धावणारी हिब्रू ब्रेलमध्ये डावीकडून उजवीकडे बोटांखाली येऊ लागली. अखेर २०११ साली अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने पामेला बारमाश या स्त्री-धर्मगुरूंचा निर्णय मान्य केला: खुणांच्या भाषेत बोलणारा बहिरा हा पुरा जबाबदार आहे, आणि तोरापुढे बोलावल्यावर म्हणायची आशीर्वचनेही त्याला खुणांनी म्हणता येतात.

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. २०१५ साली इस्रायलमधील रेहोवोत येथे स्वमग्न मुलांचा सोहळा ऐन वेळी रद्द झाला. मुलांविषयी कोणाची तक्रार नव्हती. तो कोणत्या पंथाच्या सिनॅगॉगमध्ये व्हावा, यावर मोठ्यांचे भांडण होते. महिनोन्‌महिने तयारी केलेल्या पोरांना त्यातले काय समजावून सांगायचे?

मी पेशाने मास्तर. कवायतीच्या तासाला लंगड्या पोराला झाडाखाली बसवतात, ते दयेपोटीच. पण त्या पोराचे डोळे कोठे असतात, हे मास्तरला दिसते. आज कोणी मूल एकच ओळ वाचते, कोणी यंत्राची कळ दाबून आशीर्वचन ऐकवते, कोणी नुसती ती जड गुंडाळी आईबापांच्या आधाराने छातीशी धरते. प्रत्येकाला झेपेल तेवढेच, पण त्याच्याकडे काही मागितलेले असते. रव योसेफांनी मेजवानी कबूल केली होती ती एवढ्याचसाठी.