डीव्हीडीपासून लघु फाईलपर्यंत : चित्रपट-संपीडनाचा इतिहास आणि ‘गुणवत्ता’ या संकल्पनेचे स्थित्यंतर

प्रस्तावना

डीव्हीडीवरील चित्रपट ‘गुणवत्ता न गमावता’ लहान फाईलमध्ये रूपांतरित करणे, हा शब्दप्रयोग गेली पंचवीस वर्षे संगणक वापरणाऱ्यांच्या तोंडी आहे. काटेकोरपणे पाहिल्यास तो आत्मविसंगत आहे. डीव्हीडीवरील चित्र मुळातच संपीडित असते. ते पुन्हा संपीडित करताना काही माहिती गळणे अटळ असते. तरीही हा शब्दप्रयोग टिकून राहिला, कारण ‘गुणवत्ता’ या शब्दाचा अर्थच या काळात बदलत गेला. हा अर्थबदल कसा घडला, त्यामागे कोणती तांत्रिक व कायदेशीर कारणे होती, आणि चित्रपट हे अध्यापनाचे व संशोधनाचे साधन मानणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संपीडनाचा पाया

या इतिहासाचा आरंभ चित्रपटसृष्टीत नव्हे, तर गणितात होतो. बंगळूर येथे जन्मलेले आणि अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या रूपांतर-पद्धतीच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा अभिप्राय होता, असे अहमद यांनी पुढे नमूद केले आहे. अनुदानाविनाच टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी हे संशोधन पूर्ण केले व जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील ठळक बदल आणि बारीक तपशील वेगळे करणे, आणि डोळ्यास फारसे न जाणवणारे बारीक तपशील कमी अचूकतेने नोंदवणे, हे या पद्धतीवर आधारलेल्या संपीडनाचे सूत्र होय. पुढील चार दशकांतील जवळजवळ सर्व प्रमुख चित्रफीत-मानके याच सूत्रावर उभी राहिली. परीक्षकाला दोष वाटलेला सोपेपणाच त्या पद्धतीचे सामर्थ्य ठरला, असे म्हणावे लागते.

१९८८ मध्ये लिओनार्दो क्यारिल्योने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने ‘एमपेग’ हा तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या मानकावर १९९३ ची व्हिडिओ सीडी आधारलेली होती, तर दुसऱ्या मानकावर डीव्हीडी. डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये व मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. भारतात मात्र व्हिडिओ सीडीने दीर्घकाळ आपले स्थान राखले. स्वस्त प्लेअर आणि स्वस्त तबकडी यांपुढे चित्राच्या स्पष्टतेचा मुद्दा मध्यमवर्गीय घरांत दुय्यम ठरला.

डीव्हीडी ही स्वतःच एक काटकसर

येथे थोडे आकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० × ५७६ बिंदूंची २५ चित्रे दर सेकंदास दाखवली जातात. ही चित्रे असंपीडित साठवायची झाल्यास सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटास सुमारे ११२ गिगाबाइट जागा लागेल. एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ आणि द्विपदरी तबकडीची ८.५ गिगाबाइट. ज्याला लोक ‘मूळ प्रत’ समजतात, तिच्यातून बहुतांश माहिती कारखान्यातच गाळलेली असते. मूळ प्रत मानली जाणारी डीव्हीडी ही वस्तुतः एक संक्षिप्त आवृत्तीच आहे. पुढचा प्रत्येक संक्षेप हा संक्षेपाचा संक्षेप होय.

याचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. पहिल्या संपीडनात अक्षरांच्या व आकृत्यांच्या कडांभोवती जे बारीक डाग उमटतात, ते दुसऱ्या संपीडनाच्या वेळी संगणकाला चित्राचाच भाग वाटतात आणि ते जपण्यात जागा खर्च होते. याउलट, काही बचत खरोखरच विनामूल्य असते. अमेरिकी एनटीएससी तबकड्यांवर सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट सुमारे ३० चित्रांत बसवण्यासाठी काही चित्रांचे अर्धभाग पुनरावृत्त केले जात. ही पुनरावृत्ती ओळखून काढून टाकली, तर पाचातील एक चित्र कमी होते आणि प्रेक्षकाचे काहीही हरवत नाही. उलट हालचाल अधिक नितळ दिसते. पाल तबकड्यांत हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला गेला. तेथे चित्रपट किंचित वेगाने चालवत, त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. चित्रपटाच्या लांबीविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

कुलूप आणि किल्ली

डीव्हीडीवरील मजकूर ‘सीएसएस’ या ४० बिटांच्या कूटपद्धतीने बंद केलेला असे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ हा ते कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसृत झाला. तो प्रसृत करणाऱ्यांपैकी नॉर्वेतील यॉन लेक योहान्सेन हा त्यावेळी अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरला गेला. परंतु स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी तिचे कुलूप उघडणे गुन्हा ठरत नाही, या भूमिकेतून ओस्लो येथील न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष ठरवले व डिसेंबर २००३ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. अमेरिकेत मात्र १९९८ च्या कायद्याच्या आधारे हा प्रोग्रॅम प्रसृत करण्यास ऑगस्ट २००० मध्ये न्यायालयाने मनाई केली. कृती तीच, दोन देशांतील न्यायालयांसमोरचे प्रश्न व कायदे मात्र भिन्न होते.

सातशे मेगाबाइटचा काळ

कुलूप उघडल्यावर प्रश्न उरला तो आकाराचा. २००० च्या सुमारास सामान्य वापरकर्त्याजवळ कोरी सीडी होती, आणि तिची क्षमता होती ७०० मेगाबाइट. दोन तासांचा चित्रपट तीत बसवायचा, तर चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे ८१५ किलोबिट एवढेच वाट्याला येतात. एमपेग-२ ला हे झेपणारे नव्हते. फ्रान्समधील जेरोम रोता याने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये फेरफार करून ‘डिव्हएक्स’ तयार केले. हे नाव त्याने एका अपयशी अमेरिकी भाडे-तबकडी योजनेवरून खोडसाळपणे उचलले होते. पुढे त्याची रीतसर कंपनी झाली. तिने २००१ मध्ये खुला केलेला स्रोत पुन्हा बंद होताच, त्यातूनच बाहेरच्या कार्यकर्त्यांनी ‘एक्सव्हिड’ उभारले. हे नाव म्हणजे डिव्हएक्सची उलटी अक्षरे.

या काळात आकार आधी ठरत असे आणि गुणवत्ता त्यातून जी उरेल ती. संथ संवादांचा चित्रपट सीडीवर देखणा दिसे. पाऊस, धूर आणि गर्दी असलेला चित्रपट चौकड्यांनी भरून जाई. ‘टू-पास’ पद्धतीने, म्हणजे आधी संपूर्ण चित्रपट तपासून मग कठीण प्रसंगांना अधिक वाटा देऊन, हा दोष सौम्य झाला, नाहीसा झाला नाही. शिवाय उपशीर्षके, अनेक ध्वनिपट आणि दिग्दर्शकाचे भाष्य यांना त्या फाईलीत बहुधा जागाच नसे. अभ्यासकाच्या दृष्टीने ही हानी चित्रातील चौकड्यांपेक्षा अधिक गंभीर होती. २००२ मध्ये पुढे आलेल्या ‘मात्रोस्का’ या फाईल-स्वरूपाने हे सर्व एकत्र ठेवण्याची सोय केली.

क्रम उलटला

मे २००३ मध्ये एच.२६४ हे मानक निश्चित झाले. लहानमोठ्या आकाराचे तुकडे, पाव बिंदूइतक्या हालचालीचा अंदाज, आणि चौकड्यांच्या कडा पुसणारी अंतर्गत गाळणी, यांमुळे निम्म्याच्या आसपास जागेत तुल्य चित्र मिळू लागले. त्यावर आधारलेल्या ‘एक्स-२६४’ या मुक्त प्रोग्रॅमने खरा वैचारिक बदल घडवला. त्यात वापरकर्ता आकाराऐवजी गुणवत्तेचा अंक ठरवतो आणि आकार चित्रपटाच्या प्रकृतीनुसार निघतो. एरिक पेती याने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘हँडब्रेक’मुळे ही सोय तंत्रज्ञ नसलेल्यांपर्यंत पोचली. डीव्हीडीच्या दर्जाच्या चित्रासाठी त्याच्या मार्गदर्शिकेत १८ ते २२ हा अंक सुचवलेला आहे. अंक जितका लहान, तितकी निष्ठा अधिक. स्वस्त झालेल्या हार्ड डिस्कने या बदलाला हातभार लावला, हे विसरून चालणार नाही.

तथापि ‘न जाणवणारी हानी’ कोणाला जाणवत नाही, हा प्रश्न राहतोच. जुन्या कृष्णधवल चित्रपटांतील फिल्मचा कण हा संपीडनाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण तो प्रत्येक चित्रात नव्याने उमटतो. तो पुसल्यास फाईल लक्षणीय लहान होते व सामान्य प्रेक्षकास चित्र ‘स्वच्छ’ वाटते; परंतु छायालेखनाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती पुराव्याऐवजी त्याची रंगसफेदी येते. २०१८ च्या एव्ही-१ मानकात कण काढून टाकून तो पाहताना कृत्रिमरीत्या पुन्हा निर्माण करण्याची तरतूद आहे. तांत्रिकदृष्ट्या ती चतुर आहे, पण दिसणारा कण मूळ फिल्मचा नसतो.

अध्यापक आणि कायदा

अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये चित्रपट व माध्यम विभागांच्या अध्यापकांना वर्गातील अध्यापनासाठी डीव्हीडीतील अंश वेगळे काढण्याची सवलत मिळाली व २०१० मध्ये ती सर्व महाविद्यालयीन प्राध्यापकांपर्यंत वाढवण्यात आली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. त्यानुसार संरक्षक उपाय मोडणे हा गुन्हा ठरतो तो हक्कभंगाचा हेतू असेल तेव्हा. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. कलम ५२ मध्ये संशोधनासह खाजगी उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर हक्कभंगातून वगळलेला आहे. हेतूची ही अट अमेरिकी कायद्यापेक्षा अध्यापकास अधिक अनुकूल आहे. अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत डीव्हीडींचे संग्रह कपाटात आहेत, तबकड्यांवर ओरखडे वाढत आहेत आणि नव्या संगणकांत त्या वाचणारा ड्राइव्हच नसतो. अशा संग्रहाची प्रत करताना कोणता अंक निवडावा, कण ठेवावा की पुसावा आणि कोणते ध्वनिपट राखावेत, हे निर्णय आज बहुधा प्रयोगशाळा-साहाय्यकावर सोपवले जातात. ते त्या विषयाच्या अध्यापकाने घ्यावयाचे आहेत.