पगाराची तारीख आणि सावकारीचे कायदे

सावकारीचा विषय निघाला की प्रथम शेतकरी आठवतो, आणि ते साहजिकच आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपला सोलापूर या जिल्ह्यांसाठी तो होता. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडाच न पाहता व्यवहाराच्या मुळाशी जावे, कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालू नये, असे त्यात ठरले. यावर सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ती काढली. पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन मात्र तोंडी! कायदा पुढे आणि पळवाट त्याच्या मागोमाग, हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे.

परंतु याच सुमारास, १८७० च्या दशकात, सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली होती. पुढे लोक तिला जुनी गिरणी म्हणू लागले. गिरणीत आलेल्या माणसाजवळ गहाण टाकण्यास जमीन नव्हती. होता तो फक्त न मिळालेला पगार. महिनाभर राबायचे, आणि महिना संपल्यावरही पगारासाठी आणखी दिवस मोजायचे. तोवर चूल कशावर पेटणार? वाण्याची उधारी आणि सावकाराची उचल यांवरच. दरमहा रुपयास एक आणा हा त्या काळचा नेहमीचा दर. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. पण वर्षाचे बारा आणे झाले, म्हणजे शेकडा ७५! मी हे गणित वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा मुलांना प्रथम खरे वाटत नाही.

येथे एक गोष्ट आपण आपल्याशी प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात पगाराच्या दिवशी दाराशी काठी घेऊन उभा राहणारा सावकार पुष्कळदा पठाण असे. कुरआन शरीफमध्ये रिबा हराम ठरविला आहे, हे त्यालाही ठाऊक होते. ‘सावकार म्हणजे परका’ असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. आणि सूद देणाऱ्यांत आपले मोमीन विणकर नव्हते, असे तरी कोण म्हणेल?

जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले गेले. ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाचा सविस्तर विचार आहे. वसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी पाळत ठेवणे हा गुन्हा मानावा, अशीही एक शिफारस त्यात होती. त्यानंतर बंगालमध्ये १९३४ साली, तर नागपूरकडील मध्यप्रांतात १९३६ व १९३७ साली कर्जदार कामगारांसाठी कायदे झाले. त्यांची नावे आज फारशी कोणास आठवत नाहीत.

माझ्या मते या सर्वांत परिणामकारक ठरू शकणारा कायदा सावकाराचे नावही घेत नाही. तो म्हणजे १९३६ चा वेतन अदायगीचा कायदा. हजारांहून कमी कामगार असतील तेथे सातव्या दिवसाच्या आत आणि अन्यत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे, एवढेच त्यात म्हटले. उचल लागते ती मधल्या दिवसांसाठी. ते दिवस कमी केले की कर्जाची गरजच काही अंशी कमी होते.

मुंबई सावकारी कायदा १९४६ चा. परवाना घ्यावा, हिशेब लिहावा, पावती द्यावी, रकमेची जागा कोरी ठेवलेला कागद सही करून घेऊ नये, आणि मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा होऊ नये. हा शेवटचा नियम म्हणजे आपल्याकडचा जुना दामदुपट होय. कलमे चांगली होती. पण कागदावर दोनशे आणि हातात दीडशे दिले, तर कोरा कागद दिसतो कोठे?

शिवाय पगारच थांबला तर कोणते कलम उपयोगी पडणार? ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घटनेच्या अभ्यासकांना तो मालमत्तेच्या हक्काचा खटला म्हणून माहीत आहे. मधल्या महिन्यांत कामगारांच्या घरी काय झाले असेल, ते त्या निकालपत्रांत शोधून सापडायचे नाही.

आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ पासून, महाराष्ट्राने छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर व कामगार यांची सावकारी कर्जे रद्द केली. गहाण वस्तू परत करावयाच्या होत्या. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. जुने कर्ज गेले ही मोठीच सुटका होती. मात्र पुढच्या आजारपणाला किंवा लग्नाला पैसे कोण देणार, हा प्रश्न जागच्या जागीच राहिला. देवबंद येथे १९६१ साली मुस्लिम फंड सुरू झाला तो याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. तेथे दागिना ठेवून बिनव्याजी कर्ज मिळते. ज्याच्या घरी दागिनाच नाही, त्याचे काय, हा विचार आपल्या समाजाने अद्याप पुरेसा केलेला नाही.

सध्याचा महाराष्ट्राचा कायदा २०१४ चा आहे. विनापरवाना सावकारीस पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिगरशेती कर्जास तारण असल्यास शेकडा १५ आणि नसल्यास १८ हे कमाल दर त्याच वर्षी ठरले. तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करावयाची असते. आता तर सावकार मोबाईलमध्येच बसला आहे. पूर्वी तो गिरणीच्या दाराशी उभा राही, हल्ली तो कर्जदाराच्या नातेवाइकांचे नंबर उचलतो. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी नियम काढले. रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जावी आणि एकूण खर्च आधी सांगावा, असे त्यांत आहे.

गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आला. “सर, अब्बांनी विचारलंय, यात व्याज किती आहे?” आठवड्याचा हप्ता होता, दर कोठेच लिहिला नव्हता. आम्ही दोघांनी स्टाफरूममध्ये बसून तो काढला. आकडा पाहून त्याने तो चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतला, आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेला.