पेटी, किल्ल्या आणि पुण्य

चर्चच्या दाराजवळ एक लाकडी पेटी असते. झाकणाला फट, पुढे कुलूप. तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. पैसे टाकायचे आणि पुढे व्हायचे. पण माणूस श्रद्धेने तरतो की सत्कर्माने, हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद जो भडकला, तो या पेटीवरूनच.

पेटीचे मूळ बायबलच्या जुन्या करारात सापडते. यरुशलेमच्या मंदिराची पडझड झाली होती. लोकांनी वाहिलेला पैसा याजकांच्या हाती जाई आणि डागडुजी काही होत नसे. योवाश राजाने जाब विचारला. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेऊन तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीशेजारी ठेवली. पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक मिळून तो मोजत, मग सुतार-गवंड्यांची मजुरी भागे. याजकांच्या सचोटीवर राजाचा भरवसा उरला नाही, म्हणून पेटी आली. श्रद्धेच्या इतिहासात अविश्वासातून निघालेल्या सोयी बऱ्याच आहेत. त्यातली ही सर्वांत टिकाऊ असावी.

पुढची मोठी पायरी सन ११९९ ची. क्रूसयुद्धासाठी पैसा हवा होता. पोप तिसरे इनोसंट यांनी फर्मान काढले, की प्रत्येक चर्चमध्ये एक पोकळ खोड ठेवावे आणि त्याला तीन कुलपे घालावीत. एक किल्ली बिशपकडे, दुसरी तिथल्या धर्मगुरूकडे आणि तिसरी एखाद्या सज्जन प्रापंचिकाकडे. देणाऱ्याला काय मिळणार? प्रायश्चित्तात सूट.

ही सूट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दल शाळेच्या पुस्तकांत अर्धेच सांगितलेले असते. चर्चची शिकवण अशी, की पाप कबूल केले, पश्चात्ताप झाला, तर देव क्षमा करतो. पण पापाची शिक्षा भोगायची उरते. ती इथे उपास, यात्रा, दानधर्म करून फेडायची, नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानात. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवाशांनी तर कोणत्या पापाला किती दिवस पाव-पाण्यावर राहायचे, याच्या याद्याच करून ठेवल्या होत्या. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी सांगितले, की भक्तिभावाने यरुशलेमच्या मोहिमेवर निघेल त्याचे सगळे प्रायश्चित्त त्यातच आले. मग ज्यांना जाणे जमत नव्हते, त्यांनी पैसा दिला तरी सुटीत वाटा मिळू लागला. १४७६ मध्ये पोप चौथे सिक्स्टस यांनी ही सोय मृतांनाही लागू केली. म्हणजे गेलेल्या आईबापांसाठीही नाणे टाकता येऊ लागले.

सुटीचा कागद म्हणजे पापक्षमापत्र. मुद्रक गुटेनबर्गच्या काळात माइन्त्समध्ये छापलेली अशी पत्रे आजही आहेत. तारीख असलेला, सुट्या खिळ्यांनी छापलेला युरोपातला सर्वांत जुना कागद म्हणून १४५४ चे असेच एक पत्र दाखवतात. सायप्रसच्या रक्षणासाठी पैसा उभा करायचा होता. मजकूर छापलेला, आणि नाव व तारीख हाताने भरायला जागा कोरी. पुण्याचा छापील फॉर्म!

आता १५१५ कडे येऊ. माइन्त्सचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांनी पदासाठी रोमला भरायची रक्कम आउग्सबुर्गचे सावकार याकोब फुगर यांच्याकडून उचलली होती. पोप दहावे लिओ यांनी त्यांना क्षमापत्रे खपवण्याची परवानगी दिली. अर्धा पैसा रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला जायचा होता, अर्धा कर्ज फेडायला. योहान टेट्झेल हा डोमिनिकन संन्यासी पेटी घेऊन गावोगाव फिरू लागला. या पेटीची एक किल्ली असे फुगरच्या माणसाकडे. तीनशे वर्षांपूर्वी जिथे सज्जन प्रापंचिक होता, तिथे आता सावकाराचा कारकून उभा! राजाराण्यांना आणि बिशपांना २५ सोन्याचे गुल्डन, खालच्यांना ऐपतीप्रमाणे कमी; आणि गरिबांनी पैशाऐवजी प्रार्थना व उपास करावेत, अशी सूचनाही त्या दरपत्रकात होती. ती मात्र विसरली गेली.

सॅक्सनीचे शासक फ्रेडरिक यांनी टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिले नाही. त्यामागे तत्त्व फारसे नव्हते. विटेनबर्गच्या त्यांच्या चर्चमध्ये संतांच्या अवशेषांचा प्रचंड संग्रह होता, १५२० पर्यंत तो १९ हजारांवर गेला. त्याच्या दर्शनानेही सूट मिळे. आपल्या दुकानासमोर दुसऱ्याचे दुकान कोणाला हवे असते?

विटेनबर्गचे लोक मात्र हद्द ओलांडून टेट्झेलकडे जात आणि पत्रे घेऊन परतत. तिथे प्राध्यापक असलेल्या मार्टिन ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ मुद्दे मांडले. त्यांतली एक तक्रार आज वाचताना चकित करते. सत्कर्मे निरुपयोगी आहेत, असे ते तिथे म्हणत नाहीत. उलट, क्षमापत्र घेण्यापेक्षा गरिबाला देणे आणि गरजवंताला उसने देणे श्रेष्ठ, असे बजावतात. पेटी सत्कर्म गिळते आहे, हे त्यांचे दुखणे. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या आधारे श्रद्धेनेच माणूस नीतिमान ठरतो, हा सिद्धान्त त्यांनी नंतर पुरता धारदार केला. कर्मांवाचून श्रद्धा निर्जीव म्हणणारे बायबलमधले याकोबाचे पत्र त्यांना अडचणीचे वाटले, आणि १५२२ मध्ये त्याला त्यांनी गवताचे पत्र म्हटले. पण झाड चांगले असले की फळ येणारच, हेही ते सांगत राहिले.

फळ ठेवायला पुन्हा पेटीच लागली. १५२३ मध्ये लाइस्निग गावाने ल्यूथर यांच्या सल्ल्याने सामाईक पेटी केली. चर्चचे उत्पन्न तिच्यात जमा व्हायचे आणि धर्मगुरू, शाळा, अनाथ, म्हातारे, अडलेले यांच्यासाठी खर्च व्हायचे. या पेटीला कुलपे चार! सरदार, नगरसभा, नागरिक आणि शेतकरी, प्रत्येकाकडे एक. मोक्ष विकत मिळत नाही हे मान्य, पण हिशेब कोणा एकावर सोडायचा नाही. नगरसभेने उत्पन्न सोडायला खळखळ केली आणि योजना रखडली, हेही नोंदवले पाहिजे.

कॅथलिक बाजूनेही धडा घेतला. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने क्षमापत्रांतल्या पैशाच्या गैरव्यवहारावर बंदी घातली, आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या सवलती रद्द केल्या. सूट आजही आहे, फक्त ती विकत मिळत नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी एक संयुक्त घोषणा केली. देवाच्या कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेमुळे आपला स्वीकार होतो, आपल्या पुण्याईमुळे नव्हे. आणि सत्कर्मे त्यातून उपजतात, असा तिचा गाभा. सह्या झाल्या त्या आउग्सबुर्गच्या सेंट ॲनाज चर्चमध्ये. तिथेच याकोब फुगर यांचे दफन आहे, आणि ते चर्च आज प्रोटेस्टंटांचे आहे. फुगर यांनी १५२१ मध्ये गरीब कॅथलिकांसाठी बांधलेली घरांची वसाहत त्याच शहरात अजून नांदती आहे. वर्षाचे भाडे ८८ सेंट, आणि करार असा, की रहिवाशाने रोज संस्थापकासाठी प्रार्थना करावी.