कर्ज, दान आणि कॅसेट : ग्रेटफुल डेडची तीस वर्षं

तो टी-शर्ट तुम्ही नक्की पाहिलाय. लाल-निळी कवटी आणि तिच्या डोक्यात पांढरी वीज. कॅम्पसवर, एखाद्या जुन्या गाडीच्या मागच्या काचेवर, नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या लॅपटॉपवर. ही खूण फॅशन म्हणून जन्माला आली नाही. १९६९च्या सुमारास फेस्टिव्हलमध्ये सगळ्या बँडच्या काळ्या पेट्या एकमेकांत मिसळून जायच्या. आपल्या पेट्या लांबून ओळखता याव्यात म्हणून ग्रेटफुल डेडचा साउंडमन आउज्ली स्टॅन्ली याने ही खूण करून घेतली. म्हणजे मुळात ते सामानावरचं लेबल होतं.

आता एक कोडं. तीस वर्षांत या बँडचं फक्त एक गाणं अमेरिकेच्या 'टॉप टेन'मध्ये गेलं. तरीही त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले आणि अखेरच्या वर्षांत मोठमोठी स्टेडियम भरवली. हे जमलं कसं? माझं म्हणणं असं की, जे विकायचं तेच त्यांनी वाटून टाकलं. पण फुकट दिलेल्या गोष्टीचीही किंमत कुणीतरी चुकवत असतं. ती कोणी चुकवली, हे पाहिल्याशिवाय या बँडचा इतिहास पुरा होत नाही.

सुरुवात १९६५ची, कॅलिफोर्नियातल्या पॅलो आल्टोमधली. जेरी गार्सिया बँजो वाजवणारा, ब्लूग्रासमध्ये मुरलेला. 'पिगपेन' मॅकर्नन ब्लूज गाणारा. फिल लेश आधुनिक पाश्चात्त्य संगीतरचना शिकलेला. सोबत कोवळ्या वयाचा बॉब विअर आणि ड्रमवर बिल क्रॉइट्झमन. बँडचं नाव 'वॉरलॉक्स', आणि वाजवायची जागा मेन्लो पार्कमधलं एक पिझ्झाचं दुकान. पुढे त्याच नावाचा दुसरा बँड असल्याचं कळलं, तेव्हा गार्सियाने शब्दकोश उघडला आणि एका लोककथेचं नाव हाती लागलं. कथा अशी : कर्ज फेडलं नाही म्हणून एका माणसाचं प्रेत तसंच पडलेलं असतं. एक वाटसरू स्वतःचे पैसे देऊन त्याचे अंत्यसंस्कार करतो. पुढे वाटसरू संकटात सापडतो तेव्हा तोच मृतात्मा उपकार फेडायला येतो. कर्ज आणि दान या दोन गोष्टींनी बँडची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही.

पहिली शाळा म्हणजे लेखक केन कीझीच्या 'अॅसिड टेस्ट' पार्ट्या. एलएसडीवर कॅलिफोर्नियात बंदी आली ती ऑक्टोबर १९६६मध्ये, त्याआधीचे हे दिवस. त्या नशेचं कौतुक करायची गरज नाही. पुढे नशेनेच या मंडळींचे फार हाल केले. पण तिथे बँडला एक सवय लागली : ठरलेला कार्यक्रम नाही, वेळेचं बंधन नाही, वाजवणारे आणि ऐकणारे यांच्यात भिंत नाही. म्हणून त्यांचं गाणं रोज वेगळं व्हायचं. बंदिश तीच, बढत मात्र त्या रात्रीची. ख्याल ऐकत मोठे झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि इथे आपल्याकडचा एक धागा खरोखरच आहे. १९६७मध्ये दुसरा ड्रमर म्हणून आलेला मिकी हार्ट मुंबईत स्थायिक झालेल्या उस्ताद अल्लारखांच्या तालविद्येने भारावून गेला. बँडच्या एका रचनेचं नावच 'द इलेव्हन' आहे, कारण ती ११ मात्रांत चालते. पुढे माहीममध्ये वाढलेले झाकिर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहू लागले. हार्ट आणि त्यांचा 'दिगा ऱ्हिदम बँड' १९७६मध्ये ध्वनिमुद्रित स्वरूपात आला, आणि 'प्लॅनेट ड्रम'ला वर्ल्ड म्युझिक विभागातलं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं.

पैशाची बाजू मात्र कायम लंगडी. रेकॉर्ड कंपनीचं कर्ज डोक्यावर. १९७०मध्ये मॅनेजर पैसे घेऊन पसार झाला. तो मिकी हार्टचाच बाप! शरमेने मिकीने काही वर्षं बँड सोडला. १९७१च्या अल्बममध्ये त्यांनी एक साधी चिठ्ठी घातली : आपला पत्ता कळवा, आम्ही संपर्कात राहू. त्यातून चाहत्यांची पत्त्यांची यादी उभी राहिली. इंटरनेटच्या कितीतरी आधी रेडिओ आणि दुकानदार यांना वगळून थेट श्रोत्यांशी बोलायची सोय झाली. १९७४मध्ये त्यांनी सुमारे ६०० स्पीकर्सची, ७५ टन वजनाची 'वॉल ऑफ साउंड' उभी केली. आवाज अप्रतिम होता. पण ती वाहून नेण्याच्या आणि उभारण्याच्या खर्चाने बँड इतका दमला की त्याच वर्षी दौरे थांबवावे लागले.

आता कॅसेटकडे येऊ. चाहते सुरुवातीपासूनच रेकॉर्डर लपवून आणायचे. दुसऱ्या बँडनी ते जप्त केले असते. यांनी १९८४मध्ये टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच, विकायचं नाही. मग सुरू झाली देवाणघेवाण. कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, कुणी अनोळखी माणूस भरून परत पाठवायचा. प्रत्येक कॅसेट म्हणजे पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण होतं.

पण या कथेत बेट्टी कँटर-जॅक्सन यांचं नाव राहून जातं. साउंडबोर्डवरून त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं सर्वांत सुरेख मानली जातात. मे १९७७चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम त्यांतलाच. गोदामाचं भाडं थकल्याने १९८६मध्ये त्यांच्या पेट्यांचा लिलाव झाला, आणि त्यातल्या टेप चाहत्यांपर्यंत पोहोचल्या. कॉर्नेलचं ध्वनिमुद्रण पुढे काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या राष्ट्रीय नोंदीत गेलं. आपल्याला फुकट मिळालेल्या सुरांमागे हे एक न फिटलेलं कर्ज आहे.

१९८७मध्ये 'टच ऑफ ग्रे' नवव्या क्रमांकावर पोहोचलं आणि तिथून घोळ सुरू झाला. बँडच्या रीती माहीत नसलेली हजारोंची गर्दी, तिकिटाविना बाहेर तळ ठोकणारे लोक. २ जुलै १९९५ला इंडियानात जमावाने कुंपण तोडलं आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. बँडने चाहत्यांना कळकळीचं पत्र लिहिलं. इकडे गार्सिया मधुमेह आणि व्यसनाने पोखरला होता. पण दौरा थांबला की कितीतरी घरांचे पगार थांबणार, म्हणून तो वाजवत राहिला. ९ ऑगस्ट १९९५ला, ५३व्या वर्षी तो गेला. त्याच्या अस्थींचा काही भाग बॉब विअरने पुढच्या वर्षी ऋषिकेशला गंगेत सोडला.

२००५मध्ये एक शेवटची परीक्षा झाली. 'इंटरनेट आर्काइव्ह'वरची हजारो ध्वनिमुद्रणं डाउनलोड करणं बंद झालं. चाहते भडकले, आणि काही दिवसांतच तडजोड झाली. श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं उतरवून घ्या, साउंडबोर्डवरची फक्त तिथेच ऐका. हक्क कायद्याने बँडचा होता, पण सांभाळण्याची मेहनत श्रोत्यांची होती, आणि बँडला ते नाकारता आलं नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या शहरातल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या, घरगुती मैफलींच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेट आणि व्हिडिओ कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये पडलेले असतील. ते कोणी रेकॉर्ड केले, कधी, कुठे, हे आधी विचारून कॅसेटवर लिहून ठेवा. डेडच्या टेप करणाऱ्यांनी प्रत्येक कॅसेटवर तारीख आणि ठिकाण टिपलं, म्हणून आज त्यांचा इतिहास लिहिता येतो. आणि त्या यादीत रेकॉर्ड करणाऱ्याचं नावही घाला.