छापील आकृतीतून जन्मलेले वाद्य: रॉबर्ट मोग आणि थेरेमिन

१/ साल १९४९. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातल्या एका घराच्या तळघरात शाळकरी वयाचा एक मुलगा वाद्य जोडत बसला होता. त्या वाद्याला ना तारा होत्या, ना पट्ट्या, ना भाता. त्याची आकृती छंदी वाचकांसाठी निघणाऱ्या एका मासिकातून आलेली होती. मुलाचे नाव रॉबर्ट मोग. पुढे सिंथेसायझर हे वाद्य जगभर त्याच्या नावाने ओळखले गेले.

२/ तळघरातले वाद्य होते थेरेमिन. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह टर्मेन यांनी ते १९२० च्या सुमारास घडवले. वादक त्याला स्पर्शही करत नाही. उभ्या दांडीजवळ एक हात हलवला की स्वर चढतो-उतरतो, आडव्या कडीवर दुसरा हात हलवला की आवाज वाढतो किंवा मावळतो.

३/ ही जादू नव्हे, वजाबाकी आहे. आत दोन आंदोलक असतात. दोघांची कंपने रेडिओलहरींच्या कक्षेतली, कानाला न ऐकू येणारी. समजा, एकाची कंपने सेकंदाला १,७०,००० आणि दुसऱ्याची १,६९,५६० आहेत. दोन्ही एकत्र केली की फरकाचा, म्हणजे ४४० कंपनांचा, स्वर ऐकू येतो. हात जवळ आला की दांडीची विद्युतधारकता बदलते, एका आंदोलकाची कंपने सरकतात आणि फरकही सरकतो.

४/ १९२९ मध्ये आर.सी.ए. या बड्या अमेरिकी कंपनीने हे वाद्य बाजारात आणले. वाजवायला अवघड, किमतीला महाग आणि त्यात महामंदीचा तडाखा. सुमारे ५०० नग तयार झाले आणि उत्पादन थांबले. १९३८ मध्ये टर्मेन सोव्हिएत संघात परतले आणि तेथे त्यांना अटक झाली. वाद्याला आता कारखाना उरला नाही आणि कर्ताही जवळ राहिला नाही. ते तग धरून राहिले ते मोजक्या वादकांमुळे आणि मासिकांत अधूनमधून छापल्या जाणाऱ्या आकृत्यांमुळे.

५/ मोगच्या घरी या विद्येला पोषक वातावरण होते. वडील वीजकंपनीत अभियंता होते. तळघरात त्यांची स्वतःची कार्यशाळा होती. मुलाने पियानोवादक व्हावे अशी आईची इच्छा, म्हणून रोजचा रियाज सक्तीचा. मुलाचा ओढा तळघराकडे होता. पण थेरेमिन जोडताना दोन्ही शिकवण्या कामी आल्या. सोल्डरिंगची सवय वडिलांकडून, स्वराची पारख आईच्या आग्रहातून.

६/ आकृती छापून मिळते, वाद्य छापून मिळत नाही. थेरेमिनचे दोन आंदोलक एकमेकांच्या फार जवळ आले की परस्परांना खेचून घेतात, एकाच कंपनावर अडकतात आणि खर्जाचे स्वर नाहीसे होतात. मग परिपथाची मांडणी बदलावी लागते, आंदोलक एकमेकांपासून वेगळे राखावे लागतात, पुन्हा ऐकावे लागते. येथे चूक आधी कानाला कळते, कारण मागाहून सापडते.

७/ १९५४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मोग यांनी ‘रेडिओ अँड टेलिव्हिजन न्यूज’ मासिकात थेरेमिन बांधण्यावर स्वतःचा लेख लिहिला. त्याच वर्षी वडिलांसह थेरेमिन विकण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला. म्हणजे जे मासिकातून घेतले, ते सुधारून मासिकालाच परत दिले.

८/ जानेवारी १९६१ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’मध्ये त्यांचा ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचा लेख आला. सोबत सुट्या भागांचा संच ४९.९५ डॉलरला देऊ केला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे हजार संच विकले गेले. मोग तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करत होते. व्यवसायात वेळ जात राहिला आणि डॉक्टरेट १९६५ पर्यंत लांबली.

९/ मोग यांच्या आराखड्यावरून थेरेमिन जोडणाऱ्यांत हर्बर्ट डॉइच हे संगीताचे अध्यापक आणि रचनाकार होते. १९६३ च्या अखेरीस संगीतशिक्षकांच्या एका परिषदेत दोघांची गाठ पडली. डॉइच यांचा प्रश्न रचनाकाराचा होता: नवे ध्वनी घडवणारे, पण वाद्यासारखे वाजवता येणारे साधन करता येईल का?

१०/ प्रश्न गंभीर होता. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे चुंबकीय फितीचे तुकडे कापणे आणि जोडणे. काही मिनिटांच्या रचनेमागे आठवडे जात. १९६४ च्या उन्हाळ्यात डॉइच ट्रुमन्सबर्ग गावातील मोग यांच्या कार्यशाळेत आले आणि दोघे कामाला लागले.

११/ मोग यांचे उत्तर होते, बटण हाताने फिरवण्याऐवजी विद्युतदाबाने नियंत्रण करणे. कान स्वर गुणाकाराने ओळखतो: २२०, ४४०, ८८० कंपने म्हणजे एकेक सप्तक वर. ट्रान्झिस्टरमधला प्रवाहही दाबाबरोबर असाच पटीने वाढतो. त्या गुणधर्माचा उपयोग करून एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, असे माप बसले. थेरेमिनमध्ये जे काम हात करत होता, ते आता दाब करू लागला.

१२/ तरी स्वर निर्जीव वाटत होता. खऱ्या वाद्यातला स्वर उठतो, टिकतो, विरतो. तो घाट देण्यासाठी मोग यांनी डॉइच यांना दुकानातून दारावरच्या घंटेचे बटण आणायला सांगितले. बटण दाबले की स्वर उमलावा, सोडले की विरावा, असा परिपथ तयार झाला. पहिल्या प्रयोगाचे सामान हे असे होते.

१३/ ऑक्टोबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनी अभियंत्यांच्या अधिवेशनात हे साधन मांडले गेले. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी त्यावर बाखच्या रचना एकेक स्वरपंक्ती ध्वनिमुद्रित करून बांधल्या. त्या ध्वनिमुद्रिकेने हे वाद्य घरोघरी पोहोचवले. १९६९ मध्ये मोग सिंथेसायझर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आला. तेथील स्टुडिओ अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी उभारला.

१४/ कीर्ती आली, पण धंदा टिकला नाही. १९७१ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली. १९७७ मध्ये मोग तिच्यातून बाहेर पडले आणि स्वतःच्याच आडनावाने वाद्ये विकण्याचा हक्क गमावून बसले. तो परत मिळायला २००२ साल उजाडले.

१५/ नाव गेले तरी विद्या गेली नव्हती. नव्या, वेगळ्या नावाच्या कंपनीत मोग पुन्हा थेरेमिन बनवू लागले. १९९६ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिशियन’ मासिकात त्यांनी थेरेमिन बांधण्याचा लेख लिहिला. आकृती पूर्ण छापलेली, कोणालाही पाहून जोडता यावी अशी. कंपनी विकता येते, नावावर दावा सांगता येतो. एकदा छापून हजारो तळघरांत पोहोचलेली आकृती मात्र कोणालाच परत घेता येत नाही. कारखाना बंद पडल्यावरही थेरेमिन मरू शकले नाही, त्याचे कारण हेच होते.