गृहपाठ : इवल्या हातांना किती पेलवतो?

रात्रीचे नऊ वाजतात, दुसरीतले मूल वहीवर डोके टेकवून रडू लागते आणि अखेर उरलेल्या चार ओळी घरातले मोठे माणूसच लहान मुलासारखे अक्षर काढून लिहून टाकते. शहरांतील अनेक घरांत हे नित्याचे झाले आहे. अशा वेळी मूल आळशी ठरते, नाहीतर शाळा दोषी ठरते. प्रत्यक्षात आधी शोधायला हवे ते एवढेच, की दिलेले काम वयाच्या मानाने जास्त आहे की त्या मुलाला ते अवघड जाते आहे? दोन्हींवरील उपाय वेगळे आहेत.

नियम काय सांगतात?

विख्यात लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला. पुढे केंद्र सरकारने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९३ मध्ये अहवाल दिला. दप्तराच्या वजनाहून न समजण्याचे ओझे अधिक घातक असते, असे त्यात नमूद होते. प्राथमिक वर्गांना घरच्या परिसरातील निरीक्षणापलीकडे गृहपाठ देऊ नये, अशी शिफारसही समितीने केली होती.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने याची मर्यादा आखून दिली. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणातही तीच कायम आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीसाठी दिवसाला एक तास. पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये दिला होता.

अधिक गृहपाठाने लहान मूल हुशार होते, या समजुतीलाही फारसा आधार नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गृहपाठ आणि यश यांचा संबंध वरच्या वर्गांत ठळक दिसला, प्राथमिक वर्गांत मात्र तो क्षीण होता.

घरी काय करता येईल?

वेळ मोजा : आठवडाभर रोज गृहपाठ कधी सुरू झाला, कधी संपला आणि मूल कुठे अडले, हे कागदावर टिपावे. त्यात शिकवणी, हस्ताक्षर वर्ग, अबॅकस यांचे घरकामही धरावे. काही वेळा निम्मा भार पालकांनीच लावलेल्या वर्गांचा असल्याचे दिसून येते.

थांबण्याची वेळ ठरवा : सहा-सात वर्षांच्या मुलाने पंधरा-वीस मिनिटे मन लावून काम केले, की वही मिटावी. उरलेले काम राहू द्यावे आणि 'एवढा वेळ प्रयत्न केला, इथवर झाले' अशी नोंद शाळेच्या डायरीत सही करून पाठवावी.

मुलाचे काम स्वतः करू नका : पालकांनी वही पूर्ण केली, की मुलाला सगळे जमते असे शिक्षकांना वाटते आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच काम पुन्हा येते. अपूर्ण वही ही शिक्षकांसाठी उपयुक्त माहिती असते.

क्रम बदला : शाळेतून आल्यावर आधी खाणे, मग खेळ, त्यानंतर अभ्यास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप आवश्यक असते. गृहपाठासाठी ही झोप कापू नये.

शाळेशी कसे बोलावे?

तक्रारीचा सूर न लावता टिपलेला कागद वर्गशिक्षकांसमोर ठेवावा. मोठ्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकांना एका घरातील चित्र ठाऊक असतेच असे नाही. दहा ओळींऐवजी तीन ओळी, वीस गणितांऐवजी पाच, अशी ठोस विनंती मान्य होण्याची शक्यता अधिक असते. अनेक पालकांची अडचण तीच असल्यास विषय पालकसभेत एकत्रितपणे मांडावा आणि त्या वेळी धोरणातील मर्यादेचा उल्लेख करावा. शिक्षकांविषयीची नाराजी मात्र मुलासमोर बोलून दाखवू नये.

काम अवघड जात असेल तर

वर्गातील इतर मुले जे वीस मिनिटांत संपवतात त्याला एखाद्या मुलाला दोन तास लागत असतील, तर प्रश्न केवळ गृहपाठाचा नसतो. प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तोंडी उत्तरे चटकन देणारे मूल वाचताना सतत अडखळत असेल, अक्षरे गाळत असेल किंवा फळ्यावरचे उतरवून घेऊ शकत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता लक्षात घ्यावी. निश्चित निदान साधारणपणे आठव्या वर्षानंतर केले जाते, तरी मदत त्याआधीही सुरू करता येते. मुंबईत महापालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही अशा अक्षमतेचा समावेश आहे.

पोटात दुखण्याची रोजची तक्रार, शाळेत जायला नकार, झोपेत दचकणे ही लक्षणे काही आठवडे टिकली, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. अपुरी राहिलेली वही पुढच्या वर्षी भरून काढता येते. पण सातव्या वर्षी अभ्यासाची धास्ती मनात बसली, तर ती निघायला पुढची कित्येक वर्षे लागतात.