बांगडीच्या निशाणीपासून काचेवरच्या सहीपर्यंत



आज सहीविषयी बोलू या. हल्ली बचत गटाचं कर्ज असो, बँकेचं काम असो नाहीतर दारात आलेलं पार्सल असो, समोरचा माणूस मोबाइल पुढं करतो आणि म्हणतो, "ताई, इथं बोटानं सही करा." काचेवर बोट सरकतं, नाव वेडंवाकडं उमटतं आणि तो बटण दाबून मोकळा होतो. उद्या कुणी म्हणालं की या कागदावर तुमचीच सही आहे, तर ती खरी की खोटी हे ठरवायचं कसं? हा प्रश्न नवा वाटतो, पण त्याची मुळं जुनी आहेत.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत लिहिता न येणाऱ्या माणसाची 'निशाणी' असायची. कुणबी नांगर काढायचा, बाईच्या नावापुढं बांगडी काढलेली असायची. ज्यानं कागद लिहिला त्याचं नाव 'दस्तुर' म्हणून खाली यायचं आणि शेजारी साक्षीदार असायचे. आता एकीची बांगडी दुसरीच्या बांगडीसारखीच दिसणार. म्हणजे खरा भरवसा निशाणीवर नव्हता, साक्षीदारांवर होता. त्यात आपला परभणी जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत, वाड्यातला आणि सावकाराचा हिशेब मोडीत. बाईनं निशाणी केली तरी वरचा मजकूर तिला दुसऱ्यानंच वाचून दाखवायचा.

मग अंगठा आला. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. ठेकेदारानं पुढं शब्द फिरवू नये, एवढाच त्याचा हेतू होता. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी करण्याच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. 1899 मध्ये पुराव्याच्या कायद्यात बोटांचे ठसे आले. हस्ताक्षराच्या जाणकाराचं मत तर 1872 पासूनच त्या कायद्यात होतं.

पण अंगठा कुणाचा हे कळलं, म्हणून त्या बाईला कागद समजला होता असं होत नाही. हे न्यायालयांनीही ओळखलं. पडद्यातल्या बाईनं दस्त केला असेल तर तिला तो नीट समजला होता हे दस्ताचा फायदा घेणाऱ्यानं सिद्ध करावं, असं प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं होतं. पुढं हेच संरक्षण निरक्षर बायांनाही मिळालं. हा मोठा आधार आहे, लक्षात ठेवा.

आता सहीकडे वळू. अमेरिकेत सिल्व्हिया हाउलंड नावाची श्रीमंत बाई 1865 मध्ये वारली. तिची भाची हेटी हिनं मृत्युपत्राला जोडलेलं एक पान पुढं केलं आणि ते मावशीच्या सहीचं असल्याचं सांगितलं. ती सही मृत्युपत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळत होती. गणिताचे प्राध्यापक बेंजामिन पीअर्स यांनी सिल्व्हियाच्या 42 सह्या घेऊन प्रत्येकीतल्या वरून खाली येणाऱ्या 30 रेघा ताडून पाहिल्या. दोन खऱ्या सह्या इतक्या जुळणं जवळजवळ अशक्य, असं त्यांनी सांगितलं. 1868 मध्ये निकाल हेटीच्या विरोधात गेला. तो वेगळ्या कायदेशीर मुद्द्यावर गेला, पण धडा मागं राहिला: माणूस एकच सही दोनदा करत नाही. आपण रोज भाकरी थापतो, पण एक भाकरी दुसरीशी काठोकाठ जुळते का? दोन सह्या हुबेहूब निघाल्या, तर एक दुसरीवरून गिरवलेली असण्याचाच संशय येतो.

नुसतं नाव बघून चालत नाही, हे आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या बाबतीतही दिसतं. अभंगाच्या शेवटी त्या स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात. ती मुद्रा दुसरा कुणीही घालू शकतो. म्हणून अभ्यासक मुद्रेवर थांबत नाहीत. भाषा बघतात, हस्तलिखितं ताडतात.

कागदावरची सही तपासणारा भिंग लावतो. शाई कुठं दाट झाली, हात कुठं थबकला, पेन कुठं उचललं, कागदावर दाब किती पडला, हे तो बघतो. चांगल्या सही-पाटीवर खास पेननं सही केली, तर पेनची जागा, वेळ आणि दाब यांची नोंद सेकंदाला शंभरावर वेळा होऊ शकते. हात किती वेगानं चालला हे कागदावर अंदाजानं कळतं, इथं ते आकड्यांत मिळतं. मात्र साध्या मोबाइलवर बोटानं केलेल्या सहीचं पुष्कळदा फक्त चित्र राहतं. दाब नाही, वेग नाही. आणि चित्र उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवायला वेळ लागत नाही. इथं हाउलंडबाईंचा धडा पुन्हा कामी येतो: दोन दस्तांवरच्या सह्या ठिपक्याला ठिपका जुळल्या, तर एक नक्कल समजावी. शिवाय काच गुळगुळीत, आपण उभ्या, पेनऐवजी बोट. त्यामुळं खरी सहीसुद्धा कागदावरच्या सहीपेक्षा वेगळी उतरते. म्हणून काचेवरची सही शक्यतो काचेवरच्याच सह्यांशी ताडावी लागते.

जुन्या पत्रांत मजकूर संपला की मोर्तब व्हायचं, म्हणजे त्यापुढं कुणाला काही वाढवता येऊ नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तशीच सोय आहे. संगणकातली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या नोंदीचा 'हॅश' आकडा लिहावा लागतो. मजकुरात एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो. तेच आजचं मोर्तब.

हे सगळं सांगायचं कारण एकच. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आहे. तो जातो बहुतेक वेळा एका सहीनं, हक्कसोडपत्रावरच्या. म्हणून मैत्रिणींनो, सही कागदावर असो की काचेवर, आधी मजकूर वाचा, नाहीतर आपल्या विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. रिकाम्या चौकटीत सही करू नका. प्रत मागा, मोबाइलवरची असेल तर तिथंच आपल्या मोबाइलवर मागवून घ्या. तारीख आणि समोरच्या माणसाचं नाव वहीत टिपून ठेवा. आणि सही आपली नसेल तर तसं लगेच, लेखी कळवा.

तपासणारा तज्ज्ञ सही कुणाची ते सांगेल. ती समजून केली की नाही, हे मात्र आपल्यालाच सांभाळायचं आहे.